प्रूफ सेटमधलं डागाळलेलं नाणं बदलायचंय? आधी डबी बघा

प्रूफ सेट म्हणजे टांकसाळ जमवणाऱ्यांसाठी काढते तो खास चकचकीत नाण्यांचा डबीतला संच. त्यातल्या एखाद्या नाण्यावर डाग दिसला की माणूस लगेच तसलंच दुसरं नाणं शोधायला लागतो. मीपण तेच केलं होतं. नाणं मिळालं, जुनं काढून नवं बसवलं, डबी बंद करून कपाटात, आणि पुढच्या चवथीच्या साफसफाईला डबी उघडली तर नव्या नाण्याच्या कडेलाही तोच हिरवट चिकट थर. म्हणून या कामाच्या यादीत पहिली ओळ हीच, आणि मध्ये मध्ये परत येणार आहे, वैतागू नका: नाण्याच्या आधी डबी बदला. डबी म्हणजे नुसतं वरचं खोकं नाही हां, आतला स्पंज, मखमल, मखमलीखालचा गोंद, नाण्याचं पाकीट, सगळं.

कारण सांगतो. जुने सेट किंवा कोणीतरी मधेच "सेफ राहावं" म्हणून मऊ पारदर्शक पाकिटात घातलेली नाणी, ती पाकिटं बहुतेक वेळा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट काहीतरी घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं, आणि प्लास्टिक स्वतः मोडायला लागलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. नाण्यात तांबं असतंच, मग हिरवा थर. पाकीट मऊ, वाकणारं आणि नव्या रेनकोटसारख्या वासाचं असेल तर संशय घ्यायचा. कडक आणि हाताळताना कुरकुर वाजणारं पॉलिएस्टरचं पाकीट चालतं. स्पंजचं तर विचारूच नका, आमच्या गोव्याच्या हवेत तो वर्षानुवर्षं ओल पिऊन सडतो. मी मखमल उचलून खालच्या स्पंजवर बोट टेकवलं तर पिवळा भुगा बोटाला चिकटून आला आणि साबणाने धुतला तरी निघेना. अशा गादीवर नवं नाणं झोपवायचं? म्हणून डबी.

आता मूळ काम. पहिल्यांदा ठरवा की नाणं खरंच खराब आहे का. प्रूफ नाणं म्हणजे पॉलिश केलेल्या साच्याने पॉलिश केलेल्या चकतीवर एकाहून जास्त वेळा ठोकलेलं नाणं, चित्र दुधी आणि मागचं मैदान आरशासारखं, त्यामुळे जे साध्या नाण्यावर दिसणारही नाही ते यावर बोंबलून दिसतं. कॅप्सूलवरचा (नाण्याभोवतीच्या प्लास्टिकच्या गोल कवचावरचा) ओरखडा नाण्यावरचा वाटतो, हे खूपदा होतं, कॅप्सूल हळूच फिरवा, ओरखडा कॅप्सूलबरोबर फिरला आणि नाणं तिथेच राहिलं तर सुटलात. बोटाचे ठसे, पुसल्यामुळे आलेल्या केसासारख्या रेघा, चांदीवरचे दुधी ढग, काळे ठिपके, ही खरी खराबी. पण टांकसाळीतच ठोकताना मधे धागा आला आणि त्याची खाच उमटली, किंवा साच्याला तडा गेल्याची उंच रेघ आली, तर ती हाताळण्याची खराबी नाही, आणि अशी चुकीची नाणी जमवणारे लोक आहेत. ते बदलून फेकायच्या आधी एखाद्या जाणत्याला दाखवा.

घासून साफ करता येईल का, असा प्रश्न मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. चिंच, लिंबू, कोलगेट, विभूती, समईला लावतो ते सगळं समईलाच. प्रूफचं मैदान एकदा घासलं की संपलं. फक्त पीव्हीसीचा चिकटपणा ताजा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो, काचेच्या वाटीत, न घासता, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात वास आणि तेल घातलेलं असतं. हिरव्याने धातू खाल्लेला असेल तर खालचा खड्डा तसाच राहणार, मग बदलणं आलं. आणि हो, ॲसिटोन कॅप्सूलजवळ नेऊ नका, प्लास्टिक विरघळतं.

मग कुठलं नाणं हवंय ते कागदावर लिहा, डोक्यात नको. साल, किंमत, विषय, धातू, वजन, व्यास, मिंटमार्क म्हणजे टांकसाळीची खूण. मिंटमार्कवर लोक फसतात. मुंबईच्या साध्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका असतो, पण मुंबईच्या प्रूफवर १९९६ पासून इंग्रजी एम, त्याआधी १९६९ पासूनच्या प्रूफवर बी. हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची काहीच खूण नाही. म्हणजे या सालांतल्या मुंबईच्या प्रूफ सेटसाठी कोणी चौकटवालं चकचकीत नाणं पुढे केलं तर ते यूएनसी (न वापरलेल्या साध्या नाण्यांच्या) सेटमधलं किंवा चलनातलं आहे, दुकानदार कितीही शपथा घेऊ दे. कोलकात्याच्या सेटला खुणेचा आधारच नाही, तिथे दुधी चित्र आणि आरसा यांवरच निकाल द्यायचा.

धातूचं पण तसंच. शंभराचं चांदीचं स्मारक नाणं बहुतेक सालांत साधारण ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर, पण त्यात चांदी ५०% च, ४०% तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. म्हणूनच ते लोकांना वाटतं त्यापेक्षा लवकर काळवंडतं. १९६९ च्या गांधी सेटमधलं दहाचं नाणं मात्र ८०% चांदी आणि १५ ग्रॅम, एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. पाचची नाणी २००७ च्या आसपास काही तांबं-निकेलची आणि काही स्टेनलेस स्टीलची आली, खिशात छोटं चुंबक ठेवा, स्टीलचं चिकटतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा सोनाराकडे असतो तसला छोटा काटा स्वस्तात मिळतो, तो घ्या.

विकत घेताना. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी नाणी मांडून बसलेले असतात, बघायला मजा येते, पोर्तुगीज रुपया आणि तांगा हातात घेऊन तासभर कसा जातो कळत नाही, पण तिथे उन्हात आणि घामात हाताळलेलं सुटं नाणं प्रूफ सेटमध्ये घालायच्या लायकीचं सापडेल अशी आशा धरू नका. सुटं प्रूफ म्हणजे कोणीतरी सेट फोडलाय, मग का फोडला ते विचारा. त्याच्याही डबीचा स्पंज सडला असेल तर तुम्ही त्याचा रोग विकत घेताय. बघा, परत डबी.

फोटो मागताना "क्लिअर फोटो पाठवा" म्हणू नका, सगळे ट्यूबलाइटखालचा एक पांढराशुभ्र फोटो पाठवतात ज्यात रेघच दिसत नाही. व्हिडिओ मागा, एका बाजूने दिवा आणि नाणं हळूहळू कलवत, दोन्ही बाजू आणि कडासुद्धा. "प्रूफ आहे ना?" याला उत्तर नेहमी "हो सर" असतं. पॅकिंग कसं करायचं तेही आधीच सांगा: रबरबँड नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, कॅप्सूलवर सेलोटेप नको, स्टेपलची पिन तर अजिबात नको. परत घेण्याच्या अटी लिहून घ्या. पार्सल उघडताना मोबाईलवर सलग रेकॉर्डिंग, पाकिटाचं सील दिसेल असं, नाहीतर "तुमच्याकडेच झालं असेल" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

हवामान. हे काम जून ते सप्टेंबर काढूच नका. ऑक्टोबरातही घाम असतो. डिसेंबर-जानेवारीतला कोरडा दिवस धरा, समुद्राजवळ राहत असाल तर खिडक्या बंद, खारी हवा आत नको. एसी लावत असाल तर ड्राय मोडवर, पण गार खोलीतलं नाणं एकदम बाहेरच्या दमट हवेत नेऊ नका, चष्म्यावर धरतं तसं दव त्याच्यावर धरेल. दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र घ्या आणि आकडा पन्नासच्या खाली, जमलं तर चाळीसच्या आसपास आल्याशिवाय कॅप्सूल उघडू नका. मधेच लाईट गेली तर झाकून ठेवा आणि चहा प्या.

नवी डबी. हो, आलोच परत. नवं नाणं घरी यायच्या आधी ही तयार हवी, नंतर आणू म्हटलं की "तोवर जुन्यातच ठेवूया" होतं आणि तोवर पावसाळा उजाडतो, माझं नेमकं असंच झालं. ॲक्रिलिकची कडक कॅप्सूल बरोबर मापाची (आधी व्यास मोजा, ढिल्या कॅप्सूलमध्ये नाणं खडखडतं आणि कडा घासते), बाहेरून पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, नाण्याला न टेकता. मूळ मखमली खोकं आणि प्रमाणपत्र टाकून देऊ नका, सेटची किंमत त्यातही आहे, पण ते वेगळं ठेवा, रिकामं. दाखवायचं असेल तेव्हा नाणी कॅप्सूलसकट त्यात मांडा, दाखवून झालं की परत बाहेर. हे ऐकून घरचे हसतील, हसू दे. सेटमधली बाकीची नाणी चांगली दिसतायत म्हणून जुन्यातच राहू द्यायची नाहीत, तीही त्याच स्पंजवर बसलेली आहेत, फक्त त्यांची पाळी यायची आहे. आणि डबा ठेवायचा त्या कपाटात डांबरगोळ्या नकोत, नव्या प्लायवूडचा वास येत असेल तर तिथेही नको.

प्रत्यक्ष बदलायच्या दिवशी: आधीचे फोटो. टेबलावर जाड मऊ टॉवेल, नाणं हातातून सुटलं तर लादीवर जाऊ नये म्हणून. पंखा बंद. बिनपावडरचे नायट्रिल हातमोजे, सुती मोजे घसरतात आणि धागे सोडतात. हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) जेवून लगेच बसू नका, हात कितीही धुतले तरी. तोंडाला मास्क, बोलताना उडालेला थेंब महिन्याभराने काळा ठिपका होऊन दिसतो. कॅप्सूल सुरीने उघडू नका, जुनं सिमकार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी खाचेत घालून फिरवा. नाणं दोन बोटांत कडेने धरायचं, मधे दाबून बाहेर ढकलायचं नाही. धूळ दिसली तर हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने, तोंडाने फुंकर नको, कापडाने तर मुळीच नको.

बसवून झालं की चित्र सरळ आहे ना बघा, कॅप्सूल बंद, फोटो. जुनं नाणं वेगळ्या पाकिटात, चिठ्ठीसकट. काय बदललं, कधी, कुठून घेतलं, लिहा. सिलिकाचा रंग पालटला की ओव्हनमध्ये सुकवा नाहीतर नवी घाला, मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा डबा उघडून नजर टाका, नाण्याला हात न लावता. सेट पुढे विकलात तर एक नाणं बदललंय हे घेणाऱ्याला सांगा आणि जुनंही सोबत द्या.