कॉस्प्लेची सुरुवात करताना या चुका टाळा

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या काल्पनिक पात्राचा वेश करून वावरण्याचा छंद. त्यातील पहिली चूक साहित्य आणण्यापूर्वीच होते, आणि ती पात्र निवडताना होते. आवडत्या पात्राच्या अंगावर नखशिखांत चिलखत, पाठीवर पंख आणि हातात माणसापेक्षा उंच तलवार असते, आणि हे सगळे दोन-तीन आठवड्यांत उभे करायचा बेत ठरतो. चित्रातल्या पात्राला जिना चढायचा नसतो, रिक्षात बसायचे नसते, पाणी प्यायचे नसते. पोशाख घालणाऱ्याला मात्र हे सारे करावे लागते. नवशिक्यांचे पोशाख फसण्यामागे कच्चा हात हे कारण क्वचितच असते. पोशाख फोटोत कसा दिसेल याचाच सगळा विचार होतो आणि तो दिवसभर अंगावर कसा वागवायचा, हा प्रश्न शेवटच्या रात्रीपर्यंत पुढे ढकलला जातो, हे खरे कारण आहे.

म्हणून पहिला पोशाख कापडाचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे भविष्यकाळातील माणसांचा वेश करून आले होते, आणि या छंदाची सुरुवात ज्या पोशाखांपासून मानली जाते ते दोन्ही पोशाख डग्लस यांनीच शिवलेले होते. कापड चुकले तर उसवता येते, घट्ट झाले तर सैल करता येते. फोम एकदा चुकीचा कापला की तो तुकडा वाया जातो. शिवाय कोल्हापुरात महाद्वार रोडवर मनासारखे कापड आणि अस्तर मिळते, कापडासाठी प्रसिद्ध इचलकरंजी जवळ आहे, आणि शिवून देणारे कसलेले हात तर गल्लोगल्ली आहेत.

शिंप्याला मोबाइलवरचे एकच चित्र दाखवू नका

या कसलेल्या हातांकडून मनासारखे काम करून घेता येत नाही, ही दुसरी मोठी तक्रार असते, आणि तिच्यात दोष बहुधा गिऱ्हाइकाचाच असतो. ॲनिमेशनमधील पात्राच्या कपड्याला शिवण नसते, चेन नसते, बटणपट्टी नसते. तो कपडा अंगात कसा चढवायचा याचा विचार चित्रकाराने केलेलाच नसतो. तो निर्णय आपण घेऊन शिंप्याकडे जायला हवे. समोरून, मागून आणि बाजूने अशी तीन रेखाटने कागदावर काढावीत, चेन कुठे येणार, कॉलरला बकरम, म्हणजे ताठपणासाठीचे कडक कापड, लागणार की नाही, झगा घोळदार हवा की ताठ, हे त्यावर लिहावे आणि कापडाचा नमुना सोबत न्यावा. चित्रण सुरू करण्यापूर्वी वेशभूषेची तपशीलवार रेखाटने करून ठेवणारे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर याच कोल्हापूरचे. निदान त्यांच्या गावात तरी एका पुसट स्क्रीनशॉटवर पोशाख शिवायला टाकू नये.

महागडे कापड थेट बेतायला देणे ही त्याच्या पुढची चूक. आधी स्वस्त मांजरपाटाचा कच्चा अंगरखा धावदोऱ्याने जोडून घ्यावा आणि तो घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, मागे वळून पाहावे. मुंढ्यात ओढ बसत असेल तर ती इथेच कळते. सुती कापड बेतण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि अस्तर मात्र आटत नाही, मग कडेला चुण्या पडतात. शिलाईसाठी ठेवायची माया पहिल्या पोशाखात नेहमीपेक्षा थोडी जास्तच ठेवावी. नाटकांची ड्रेपरी भाड्याने देणाऱ्यांकडून एखादा झगा किंवा पायघोळ आणून त्यावर आपली सजावट करणे हा स्वस्त मार्ग आहे, पण भाड्याच्या कपड्याला कात्री आणि गोंद लावायचा नाही, एवढे पथ्य पाळावे.

फोमचे काम कुठे फसते

चिलखतासाठी आज सर्वत्र ईव्हीए फोम वापरला जातो. व्यायामाच्या चटया आणि एकमेकींत अडकणाऱ्या फरश्या याच फोमच्या असतात, आणि चपलांच्या तळव्यांसाठीही तोच वापरात असल्याने चपला-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात शीट मिळतात का, हे आधी विचारावे. घेताना अंगठ्याने दाबून पाहावे: खळगा लगेच भरून यायला हवा. भुसभुशीत फोम स्वस्त पडतो, पण त्याची कड कापताना फाटते आणि त्यावर रंगही नीट बसत नाही.

चिलखत घट्ट होते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. इंटरनेटवरचा तयार आराखडा दुसऱ्याच कुणाच्या अंगाचा असतो, म्हणून तो छापून थेट कापणे चूकच. परंतु स्वतःच्या अंगावरून माप घेतले तरी चिलखत घट्ट होऊ शकते, कारण फोमची जाडी हिशेबात धरलेली नसते. १० मिलिमीटर जाडीचा फोम छातीभोवती पूर्ण वळवला की त्याच्या आतील आणि बाहेरील घेरात सुमारे ६३ मिलिमीटरांचा फरक पडतो. उघड्या अंगावर बेतलेला कागद फोमवर तसाच ठेवून कापला तर तो बंद होताना दोन-तीन बोटे कमी पडणारच. आतून घालायचा कपडा अंगावर चढवावा, त्यावर स्वयंपाकघरातील प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळावी, वरून मास्किंग टेप लावून त्यावर चिलखताच्या रेषा काढाव्यात, टेप कात्रीने कापून सपाट पसरावी आणि जाडीपुरती वाढ देऊन तो नमुना आधी पुठ्ठ्यावर कापून पाहावा. मग फोमला हात लावावा.

कापताना कडा दातेरी येत असतील तर हाताला दोष देऊ नये. कटरचे पाते बोथट झालेले असते. फोम पात्याची धार फार लवकर खातो, म्हणून पात्याचे टोक वरचेवर मोडून नवे काढावे आणि एका दमात आरपार कापण्याऐवजी त्याच रेषेवरून दोन-तीनदा पाते फिरवावे. आणखी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा उल्लेख टाळता येत नाही: दोन्ही खांद्यांचे तुकडे एकाच बाजूचे कापले जातात. नमुन्याच्या एका अंगावर ‘डावा’ आणि उलट्या अंगावर ‘उजवा’ असे लिहून दुसरा तुकडा कागद उलटून आखला की हा घोटाळा होत नाही.

जोड सुटत असेल तर घाई झालेली आहे, असे समजावे. फोमसाठी रबरावर आधारित चिकटद्रव्य लागते, आणि त्याची रीत कोल्हापूरच्या चप्पल लाईन या चपलांच्या बाजारातील कोणताही कारागीर दाखवून देईल: दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ मिनिटे, तो सुकू द्यायचा आणि मग कडा एकदाच, अचूक जुळवून दाबायच्या. ओले असतानाच चिकटवलेला जोड वरून पक्का वाटतो आणि पहिल्यांदा वाकताच उघडतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की हाच वेळ बराच वाढवावा लागतो. ग्लू गनवर सगळे चिलखत उभे करणेही टाळावे. तो गोंद उष्णतेने मऊ होतो आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या चिलखताचे तुकडे वेगळे झालेले सापडतात.

चिकटद्रव्याच्या आणि स्प्रेच्या वाफा कापडी मास्कने अडत नाहीत. काम गच्चीवर किंवा उघड्या अंगणात करावे. बंद खोलीतच करावे लागणार असेल तर सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा. फोम घासताना उडणारी धूळही छातीत जाऊ देऊ नये.

रंग

रंगाला भेगा पडल्या तर चूक रंगात शोधू नये, ती त्याच्या खालच्या थरात असते. फोमला सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती तशीच राहिली तर रंग शोषला जातो. हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारे यंत्र, एकसारख्या गतीने फिरवत पृष्ठभागावर किंचित चकाकी येईपर्यंत तापवले की ती छिद्रे बंद होतात. एका जागी गन रोखून धरली तर मात्र फोम सुरकुततो. त्यानंतर पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून त्याचे तीन-चार पातळ थर द्यावेत आणि त्यावर ॲक्रिलिक रंग लावावा. कोपर, गुडघा, कंबर अशा वाकणाऱ्या ठिकाणी जाड थर देऊ नये. पावसाळी दिवशी मारलेल्या स्प्रेवर पांढरट धुके येते, तेव्हा ते काम उन्हे पडल्यावरच करावे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी घरात पडलेला एखादा तुकडा मुकुटासाठी वापरण्याचा मोह होतो. त्यावर साधा स्प्रे मारला तर तो डोळ्यांदेखत विरघळतो.

तलवार लोखंडाचीच हवी, हा हट्ट

पेठेतल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढलेल्या मुलांना फोमची तलवार खोटी वाटते, हे समजण्यासारखे आहे. तथापि, धातूची पाती संमेलनांच्या प्रवेशद्वारावरच अडवली जातात. शिवाय सण-उत्सवांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतात, आणि त्यात तलवारी, भाले व काठ्या घेऊन रस्त्यावर फिरण्यास बंदी असते. आत पीव्हीसीची नळी आणि वर फोम अशी तलवार दिसायला भारदस्त आणि धरायला हलकी असते. ती दोन भागांत सुटणारी करावी.

अंगावर चढवल्यानंतर

कार्यक्रमापूर्वी पूर्ण पोशाख निदान दोन तास घरात घालून वावरावे. जिना चढावा, खुर्चीत बसावे, दारातून आत-बाहेर करावे आणि संकोच न करता स्वच्छतागृहात जाऊन पाहावे. कुणाच्या मदतीशिवाय जिथे पोशाख सोडता येत नाही, तिथे वेलक्रो किंवा बक्कल कमी पडलेले असते. पट्टे खांद्याला काचत असतील तर ते रुंद करावेत. चामड्याचे पट्टे आणि बकला चर्मकाराकडून बसवून घेणे हे पोशाखातील सर्वांत शहाणपणाचे खर्च आहेत. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत असेल तर हनुवटीजवळ आणि मागे भोके ठेवावीत, आणि गरज पडल्यास पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा आत बसवावा. चिलखताच्या आत सुती कपडा असावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

विग विंचरताना टोकाकडून मुळाकडे जावे. पाकिटावर उष्णता सोसण्याचा उल्लेख नसेल तर त्याला इस्त्री किंवा स्ट्रेटनर लावू नये, कृत्रिम केस वितळतात. चेहऱ्यासाठी पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक रंग कधीही वापरू नये. रंगभूषेचा रंगसुद्धा आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूस लावून पाहावा. रंगीत लेन्स नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय घालू नयेत आणि मैत्रिणीची लेन्स तर मुळीच घालू नये. पात्र दुसऱ्या वंशाचे आहे म्हणून कातडीचा रंग बदलण्याचे कारण नाही. केस, कपडे आणि उभे राहण्याची ढब यांवरून पात्र ओळखू येते.

मुंबईच्या कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनाला जाणारे बरेच जण महालक्ष्मी एक्स्प्रेसने रातोरात जातात, आणि पोशाखाचे अर्धे नुकसान बर्थखाली होते. छातीचे कवच आणि हेल्मेट यांच्या आत अंगातले कपडे भरून ती खोक्यात ठेवावीत आणि त्यावर दुसऱ्या कुणाची बॅग येणार नाही, हे पाहावे. दाबला गेलेला फोम हीट गनने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने हलके तापवला की बराचसा पूर्ववत होतो, पण रंगाला पडलेली घडी जात नाही, म्हणून वापरलेल्या रंगांच्या छोट्या बाटल्या, एक ब्रश, सुई-दोरा, सेफ्टी पिना, झटपट चिकटणारा गोंद आणि काळी टेप एवढे सामान पोशाखाच्या खोक्यात न ठेवता खांद्याच्या पिशवीत ठेवावे.