फॉर्म्युला स्टुडंटची गाडी तापते? रेडिएटर निवडताना या चुका टाळा

फॉर्म्युला स्टुडंट, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिच्यासाठी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली गाडी पहिल्याच लांब टेस्टिंगला उकळली की टीममध्ये एक ठराव एकमताने पास होतो: मोठा रेडिएटर आणा. मग कुणीतरी जुन्या बाजारातून एखाद्या कारचा रेडिएटर उचलून आणतं. तो साइडपॉडमध्ये (गाडीच्या बाजूच्या कप्प्यात) मावत नाही, म्हणून साइडपॉडच कापला जातो. एवढा खटाटोप करून गाडी तापायची ती तापतेच. बहुतेक वेळा रेडिएटर लहान नसतोच, त्याच्यातून हवा जात नसते.

आपल्याकडच्या बऱ्याच टीम केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन घेतात आणि रेडिएटरही त्याच बाइकचा लावतात. बाइकवर चालतो, मग इथे का नाही चालणार? कारण बाइकवर तो पुढच्या चाकामागे उघड्यावर असतो आणि रस्ता मोकळा असला की भरपूर वारा खातो. एन्ड्युरन्सला (स्पर्धेतल्या लांब पल्ल्याच्या फेरीला) मात्र साधारण २२ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ५० च्या आसपास, एक वळण संपतंय तोवर दुसरं, आणि इंजिन सतत वरच्या आरपीएमला. काम जास्त, वारा कमी.

विकत घेण्याआधी कागदावर थोडं गणित करा. हे इंजिन पूर्ण ताकदीला ३२ किलोवॅटच्या आसपास देतं आणि ढोबळमानाने जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. थ्रॉटल कायम पूर्ण उघडा नसतो, म्हणून सरासरी १५ किलोवॅट धरू. हवा ३० अंशांना आत शिरून ७० ला बाहेर पडते आणि कोअरमधून (रेडिएटरच्या जाळीच्या भागातून) सेकंदाला ४ मीटर वेगाने जाते असं मानलं, तर कोअर लागतो सुमारे ०.०८ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण ३० बाय २७ सेंटीमीटर. एवढा साइडपॉडमध्ये आरामात बसतो. गोम आहे त्या ‘४ मीटर’मध्ये. गाडी ५० ने पळते म्हणजे समोरून सेकंदाला १४ मीटर वारा येतो, तरी कोअरमधून ४ मिळवताना नाकी नऊ येतात. तिथे २ च मिळाले तर कोअर दुप्पट लागेल, म्हणजे गणित पुन्हा त्याच वाऱ्यावर येऊन अडतं.

हवा म्हणजे पुण्यातला दुचाकीस्वार, फट दिसली की तिथूनच घुसणार. रेडिएटर आणि साइडपॉडच्या भिंतीत बोटभर फट राहिली तर हवा कोअरच्या दाट फिन्समधून (पातळ पत्र्यांमधून) कशाला जाईल? चारही बाजूंनी फोम किंवा रबर पट्टी लावून फटी बुजवा. मग मागे जाऊन बघा. साइडपॉडचं तोंड ऐसपैस आणि मागची बाजू इंजिन, एक्झॉस्ट, वायरिंगने गच्च भरलेली, हे मी दर वर्षी नवीन टीमच्या गाडीत बघतो. बाहेर पडायला वाट नसेल तर हवा आत येतच नाही. लोकरीचे छोटे धागे साइडपॉडच्या तोंडाशी आणि मागे चिकटवा, शेजारून दुसऱ्या गाडीतून मोबाइलवर व्हिडिओ काढा. धागे आतल्या दिशेने सरळ राहायला हवेत. ते गोल गोल फिरत असतील तर पुढच्या चाकामागची घुसळलेली हवा तुमच्या वाट्याला येतेय.

जाड कोअर घेणं ही ‘मोठा रेडिएटर आणा’ या चुकीचीच पुढची पायरी. जाडी वाढली की हवेला अडथळा वाढतो, आणि आपल्या वेगाला तो परवडत नाही. पातळ पण पसरट कोअर बरा.

पंखा लावला की काम झालं असंही नाही. मागे श्राउड (पंख्याभोवतीचं, पूर्ण कोअर झाकणारं आवरण) नसेल तर तो फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो, कोपरे कोरडेच राहतात. वायर उलटी जोडली गेली तर तो समोरच्या वाऱ्याशी भांडत बसतो. पंखा चालू करून पुढून कोअरवर कागद धरा. चिकटला पाहिजे.

तरीही तापतेय? इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या होजचं (रबरी नळीचं) तापमान मोजा. फरक १५-२० अंशांवर असेल तर रेडिएटर त्याचं काम करतोय, पाणीच हळू फिरतंय. तेव्हा दबलेला होज, न उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा एअर लॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) शोधा. दोन्ही होज सारखेच चटके देत असतील तर पुन्हा हवेकडे वळा. एअर लॉकचं कारण बहुधा एकच असतं: रेडिएटर खाली बसवलाय आणि इंजिनचा हेड (सिलिंडरवरचा भाग) त्याच्या वर आहे. भरायचं तोंड सगळ्यात उंचावर हवं. रेडिएटरची कॅपही तपासा. १ बारची धड कॅप असेल तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, सील गेलेलं असेल तर शंभरीतच वाफ होते.

स्पर्धेच्या नियमांनुसार इंजिनात साधंच पाणी चालतं, कूलंट नाही. बाइकचं जुनं कूलंट नीट फ्लश करून काढा आणि बोअरचं पाणी भरू नका, क्षार बसतात. ओव्हरफ्लोचा कॅच कॅन (उतू जाणारं पाणी गोळा करणारा डबा) किमान ०.९ लिटरचा.

एन्ड्युरन्सला ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद होतं, पंपही थांबतो आणि हेडमधलं पाणी तापत राहतं. म्हणून टेस्टिंगला नुसते लॅप मारू नका. अर्ध्यावर तीन मिनिटं इंजिन बंद ठेवा, गरम इंजिन पुन्हा चालू करा आणि तापमानाचा काटा कुठवर चढतो, किती वेळात खाली येतो, ते लिहून ठेवा.