लेकराला टेनिसवाल्या सानिया मिर्झाचं करिअर कसं दाखवायचं

ट्रॉफ्यांपासून सुरू करू नका, लेकरू कंटाळतंय. आधी 2007 दाखवा, सिंगल्सला रँकिंग 27, मग मनगटाचं दुखणं आणि 2008 चं ऑपरेशन, अन् इथं थांबून त्याच्या हातात रॅकेट देऊन फोरहँड, म्हंजे तळहात पुढं ठेवून मारायचा फटका, मारायला लावा, मनगट कसं वळतंय ते त्यालाच कळतंय बघा. मग डबल्स. जोडीदार मार्टिना हिंगिससोबत सलग 41 मॅच जिंकल्या ओ! लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना 2016 ला, तव्हा सानिया डबल्सची जगात नंबर 1 होती, आम्ही घागरी मोजायलो होतो. सहा ग्रँडस्लॅम, म्हंजे टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, शेवटी सांगा, तीन मिक्स्ड डबल्स (बाई-गडी जोडी), तीन विमेन्स डबल्स. 2023 ची रिटायरमेंट दोन मिनिटात उरका.