ऑनलाइन चादरी विकणाऱ्यांनो, सोलापुरात दुकान काढताना या चुका टाळा

दाजींचा चादर-टॉवेलचा ऑनलाइन धंदा, फोटो-कॅटलॉग-कुरिअर माझ्याकडे. मग आम्ही अशोक चौकाच्या बाजूला 900 चौरस फुटाचा गाळा घेतला. नुसतं दुकान नको, माणूस आत आला की मागाच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं पाहिजे, असं डोक्यात होतं. पहिले चार महिने लोक यायचे, फोटो काढायचे आणि "येतो परत" म्हणून जायचे. परत काय कुणी आलं नाही.

पहिली चूक म्हणजे हैदराबाद. 2018 ला तिथं आयकिया हे फर्निचरचं मोठं परदेशी दुकान उघडलं, आपल्याकडचे लय लोक बघून आले, आम्हीपण गेलो आणि ती एकदिशा वाट, सजवलेल्या खोल्या बघून भारावून परत आलो. ते दुकान 4 लाख चौरस फुटाचं आहे राव! आम्ही आपल्या 900 फुटात प्लायवूडच्या भिंती घालून तशीच वाट केली, तर दोन बायका समोरासमोर आल्या की एकीला मागं सरकावं लागायचं. कापडाच्या दुकानात असा चक्रव्यूह आगीच्या दृष्टीनेपण वाईट. भिंती काढल्या, पैसे गेले.

लोक दारातला माल बघतच नाहीत अशी तक्रार असेल तर आधी ऊन बघा. मे महिन्यात बाहेर 43 डिग्री, माणूस घाम पुसत आत येतो, डोळ्यासमोर अंधारी असते, पहिली आठ-दहा फूट तो काहीच बघत नाही आणि आम्ही नेमकी सगळ्यात भारी चादर तिथंच टांगलेली. आता तिथं माठ, बाक आणि पंखा, बस. भारी माल त्याच्या पुढं.

आता घडीचं. फोटोत छान दिसतात म्हणून आम्ही काचेची छोटी टेबलं आणि त्यावर चापून घड्या ठेवल्या. एक आजी आल्या, घडीच्या कोपऱ्यावर दोन बोटं फिरवली, हात मागं घेतला आणि विचारलं, "काय ओ, घडी मोडली तर घ्यायलाच लागतंय का?" तिथं डोक्यात उजेड पडला. मोबाईलवर जे मिळत नाही तेवढ्यासाठी माणूस दुकानात आलाय, म्हणजे हात लावायला, आणि आपणच त्याला हात लावायला घाबरवतोय. टेबलं विकून सरळ गादी घातली, चपला बाहेर, मांडी घालून बसा, प्रत्येक डिझाइनची एक चादर कायम उघडी, ती मळली तरी चालेल. शेजारी वजनकाटा ठेवला, कारण चादर म्हटलं की इथला माणूस आधी "वजन किती" विचारतो. वेबसाइटवर आम्ही तेच लिहायचो पण दोन किलो म्हणजे अंगावर किती हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आजींनी त्या दिवशी दोन घेतल्या.

लोक चादर उचलून दारापाशी उजेडात नेतात का? मग तुमचे लाइट चुकलेत. आम्ही स्वस्तातले पांढरेफेक एलईडी लावले होते, 6500 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जेवढा जास्त तेवढा उजेड निळसर), त्यात मरून रंग चॉकलेटी दिसायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला वॅट वाढवा, वाढवले, चॉकलेटी अजून ठळक दिसायला लागला! प्रश्न वॅटचा नव्हता. बल्बच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, उजेडात रंग किती खरा दिसतो त्याचा तो हिशोब, 100 पैकी. कापडाला 90 च्या वरचा घ्या आणि केल्विन 4000 च्या आसपास. आणि तरीही दाराजवळ एक दांडी मोकळी ठेवा, गिऱ्हाईक उजेडात नेणारच, ती सवय आपल्या आज्ज्यापासूनची आहे.

मागाचं सांगायचं तर हौसेने चालू पॉवरलूम आणून बसवला. खटखट एवढी की दाम सांगायला ओरडावं लागायचं, सुताचा कचरा हवेत, वरच्या मजल्यावरच्या काकू तिसऱ्या दिवशी खाली. तो हलवला आणि जुना हातमाग आणला. साखर पेठेतले एक मामा, आयुष्य मागावर गेलेलं, संध्याकाळी पाच ते आठ बसतात. ते पोरांना जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं हातात देतात, म्हणतात इथं भोक आहे ना, म्हणजे इथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलणार, भोक नाही तिथला खालीच राहणार, असं करत करत मोर तयार होतो. पोरगं धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, फेकतं, तेवढ्यात आई गादीवर बसलेली असते. आधी आम्ही यासाठी व्हीआर चष्मा भाड्याने आणला होता, तेल लावलेल्या डोक्यांना आणि घामाला तो दोन आठवडे टिकला. जाऊ दे.

स्टॉकची चूक सगळेच करतात. दुकानात शेवटचा नग विकला आणि त्याच दुपारी वेबसाइटवर त्याचीच ऑर्डर, मग फोन करून माफी मागा. दोन्हीकडचा स्टॉक एकाच सॉफ्टवेअरला जोडा, आणि तोपर्यंत प्रत्येक डिझाइनचे दोन नग ऑनलाइनला दाखवूच नका. भावपण दोन्हीकडे एकच ठेवा, माणूस समोर उभा राहून मोबाईलवर तुमचाच रेट बघतो.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून येणारी मंडळी आधीच पिशव्यांनी लदलेली असतात, गाडीला अर्धा तास असतो, त्यांना चार चादरी घ्यायच्या असतात पण न्यायच्या कशा. इथं आपलं ऑनलाइनचं डोकं कामाला येतं: हात लावून इथं पसंत करा, पत्ता द्या, कुरिअर घरी. ही सोय आम्हाला पाचव्या महिन्यात सुचली, म्हणजे कुरिअरवाला रोज दारात यायचा तरी!

कागदाचं थोडक्यात. दुकानाची जागा जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून टाकून घ्या, आणि पाटी मराठीत, देवनागरी अक्षरं बाकी भाषांपेक्षा लहान नकोत. वेबसाइटचा इंग्रजी लोगो तसाच दारावर चढवला तर पाटी दोनदा करावी लागते, आम्ही केली.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गर्दी आली की सगळे मागाभोवती उभे राहतात आणि खरं घेणारा दारातच अडकतो. माग एकदा मागच्या भिंतीला नेला, तर मग रस्त्यावरून तो दिसेना आणि आत कुणी येईना. या जत्रेला मामांना दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसवून बघणार आहोत, नुसता धोटा आणि कार्डं घेऊन.