हिब्रू स्थलनामाचा अर्थ कसा शोधावा : ‘बैर-शेबा’चे उदाहरण

बायबलमधील स्थलनामाचा अर्थ पाहताना नामकोशातील एका ओळीवर थांबू नये. दक्षिण इस्राएलमधील नेगेवच्या वाळवंटी प्रदेशातील बैर-शेबा हे नाव याचे चांगले उदाहरण आहे.

प्रथम नावाची फोड करावी आणि ती मूळ हिब्रू अक्षरांवरूनच करावी, कारण आलेफ आणि आयिन या दोन अक्षरांतील भेद देवनागरीत उतरत नाही. (‘बैर’ वाचून वैर आठवणाऱ्या मराठी वाचकाने तर विशेष सावध राहावे.) पहिल्या घटकाचा अर्थ विहीर. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एन’ म्हणजे झरा, हे घटकही अनेक स्थलनामांत येतात, म्हणून ते लक्षात ठेवणे सोयीचे.

खरी अडचण ‘शेबा’पाशी येते. शीन, बेत आणि आयिन या तीन अक्षरांतून ‘सात’ हा अंकही होतो आणि ‘शपथ घेणे’ हे क्रियापदही. अशा वेळी कोशापेक्षा मूळ कथा अधिक सांगते. बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात विहीर आपणच खणली याची साक्ष म्हणून अब्राहाम अबीमलेख राजाला सात मेंढ्या देतो, आणि त्याच ठिकाणी दोघे शपथ वाहतात. 26व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या विहिरीवरून त्याच नावाचा पुन्हा उलगडा केला आहे. यांपैकी एक अर्थ खरा आणि दुसरा खोटा ठरवण्याची घाई करू नये. माझ्या मते कथनकाराने हा श्लेष जाणूनबुजून साधला आहे. प्राचीन भाषांतरेही पाहावीत : ग्रीक भाषांतरकारांनी उत्पत्तीत हे नाव जसेच्या तसे न ठेवता त्याचा ‘शपथेची विहीर’ असा अनुवाद केला, म्हणजे त्यांनी आपल्यापुरता निवाडा केला.

यानंतर नावाचा वापर तपासावा. ‘दानापासून बैर-शेबापर्यंत’ या शब्दप्रयोगात (दान हे उत्तरेकडील नगर) ते देशाच्या दक्षिण टोकाची खूण बनते, तर आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकात (5:5) बेथेल आणि गिलगाल यांच्याबरोबर, जेथे जाऊ नये अशा उपासनास्थळांत त्याची गणना होते.

शेवटी प्रत्यक्ष भूमीकडे वळावे. आजच्या शहराच्या पूर्वेस असलेल्या टेकाडाच्या अरबी नावात, तेल एस-सबा यात, जुना ध्वनी टिकून आहे. बहुतेक अभ्यासक प्राचीन नगर तेथेच मानतात, काही मात्र ते आजच्या शहराखाली शोधतात. इस्राएली पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी 1969 पासून या टेकाडावर उत्खनन केले आणि 2005 मध्ये मगिद्दो व हासोर या प्राचीन नगरांच्या टेकाडांसह ते जागतिक वारसा स्थळ झाले. तेथील अवशेष प्रामुख्याने लोहयुगातील आहेत, त्यामुळे अब्राहामाच्या कथेचा काळ त्यांवरून ठरवता येत नाही. आमोसाच्या उल्लेखाशी जोडता येईल असा पुरावा मात्र तेथे मिळाला : कोपऱ्यांवर शिंगांसारखे उंचवटे असलेल्या एका मोठ्या वेदीचे घडीव दगड, जे वेदी मोडल्यानंतर कोठाराच्या भिंतीत बसवले गेले होते.