इंदुरात पंचांग पाहताना
इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईकडचे पंचांग आणि स्थानिक हिंदी पंचांग शेजारी शेजारी आढळते. वद्य पक्षातला सण शोधताना आधी पंचांग अमान्त (महिना अमावास्येला संपणारे) आहे की पूर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणारे) ते पाहावे. महाशिवरात्र मराठी पंचांगात माघात, तर हिंदी पंचांगात फाल्गुनात दिसेल, पण दिवस एकच असतो. शुक्ल पक्षात हा घोळ नाही.

मग तिथीच्या समाप्तीची वेळ पाहावी. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते; त्याची गती कमी-जास्त होत असल्यामुळे तिथी सुमारे १९ ते २६ तासांची असते आणि त्यातूनच तिथीची क्षय-वृद्धी होते (क्षय म्हणजे ती एकाही सूर्योदयाला नसणे, वृद्धी म्हणजे दोन सूर्योदयांना असणे). सूर्योदयाची तिथी धरण्याचा नियम सरसकट लावू नये (सण नेमका कोणत्या दिवशी, या वादाचे मूळ बहुधा हेच): संकष्टीला चंद्रोदयाची, गणेश चतुर्थीला मध्याह्नाची, महाशिवरात्रीला मध्यरात्रीची तिथी पाहतात.

समाप्तीची वेळ देशभर एकच असते. चंद्रोदयाची मात्र गावागणिक बदलते. इंदूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ३ अंश असल्याने केवळ रेखांशामुळे १२ मिनिटांचा फरक पडतो, अक्षांशाचा वेगळाच. म्हणून संकष्टीचा उपवास सोडण्यासाठी मुंबईची वेळ न घेता पंचांगातल्या चंद्रोदयाच्या कोष्टकातली इंदूरची वेळ घ्यावी.