अनुकूलन निधीसाठी प्रस्ताव: आधी पावसाचे खंड मोजा

क्योटो करारातून उभा राहिलेला अनुकूलन निधी (अ‍ॅडाप्टेशन फंड) विकसनशील देशांना हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी, म्हणजेच अनुकूलनासाठी, कर्ज नव्हे, अनुदान देतो. मात्र स्थानिक संस्थेला थेट अर्ज करता येत नाही. भारतात २०१२ पासून नाबार्ड या कृषी व ग्रामीण विकास बँकेला या निधीची मान्यता आहे. प्रस्ताव तिच्यामार्फत जातो, सोबत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे संमतिपत्र लागते. म्हणून आधी नाबार्डच्या प्रादेशिक कार्यालयाशी बोला, मगच लिहायला बसा.

प्रस्ताव अडतो तो बहुधा एकाच जागी. "गावात पाणी नाही, शेततळी हवीत" ही झाली विकासाची गरज. हवामानामुळे काय बदलले, ते आकड्यांत दाखवावे लागते. मराठवाड्यातली सोयाबीनची गावे घ्या. जवळच्या पर्जन्यमापकाची किमान ३० वर्षांची रोजची नोंद मिळवा. महसूल मंडळांतली स्वयंचलित केंद्रे अलीकडची आहेत, त्यांच्यावरून कल ठरत नाही. वार्षिक सरासरीवर विसंबू नका: दोन दिवसांची अतिवृष्टी सरासरी भरून काढते, पीक मात्र मधल्या कोरड्या आठवड्यांत जाते. हवामान खाते २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरते. त्या हिशेबाने दरवर्षी जून ते सप्टेंबरमध्ये १५ दिवसांहून मोठे खंड, म्हणजे सलग कोरडे दिवस, किती पडले, ते फुलोऱ्यात आले की शेंगा भरताना, याचा तक्ता करा. पहिली आणि शेवटची १५ वर्षे शेजारी मांडा. फरक दिसत नसेल तर ओढूनताणून दाखवू नका. त्या गावाचा खरा धोका दुसरा असेल, तो शोधा.

मग उपाय त्या खंडाशी जोडा. एक संरक्षित पाणी, म्हणजे खंडात पीक जगवायला दिलेली एक पाळी, ५० मिमीचे धरले तर हेक्टरी ५ लाख लिटर लागते. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, १:१ उताराच्या शेततळ्यात काठोकाठ सुमारे २२ लाख लिटर मावते, म्हणजे कागदावर ४ हेक्टर. पाझर आणि बाष्पीभवन धरून ३ हेक्टरच लिहा.

सगळ्यात घातक चूक इथे होते. तळ्यात प्लास्टिक अंथरतात आणि विहिरीचे, बोअरचे पाणी उपसून ते भरतात. भूजल वर काढून उन्हात ठेवायचे, एकाचे पीक वाचवायचे आणि शेजाऱ्याची विहीर आटवायची, याला अनुकूलन म्हणता येत नाही. तळे फक्त वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने भरेल, असा ग्रामसभेचा ठराव जोडा. पाणी तळ्यात शिरते त्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा आराखड्यातच दाखवा. आसपासच्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी व नंतर मोजायचा खर्चही अंदाजपत्रकात धरा.

स्वतःचा हिस्सा घालण्याची अट नाही, पण काम दुसऱ्या योजनेच्या भरवशावर टाकू नका. ती रखडली तरी तुमचे उद्दिष्ट गाठता आले पाहिजे. राज्य सरकारच्या "मागेल त्याला शेततळे" योजनेत लाभ घेतलेले गट क्रमांक वगळा. "जागा नंतर ठरवू" असे लिहिले की पर्यावरणीय व सामाजिक जोखीम तपासता येत नाही आणि प्रस्ताव परत येऊ शकतो. जागांची गट क्रमांकांनुसार यादी सोबतच द्या. भूमिहीनांची आणि महिलांची बैठक वेगळी घ्या. त्यांनी सुचवलेले काय स्वीकारले, काय नाही आणि का, हे इतिवृत्तात लिहा.